बोर्ड आणलात, दोरी कुठाय?

सरळच मुद्द्यावर येतो. आपल्या आयटी कंपन्यांत गेल्या वीसेक वर्षांत 'लीन' आणि 'एजाईल' ह्या नावाखाली जे काही आलं, त्यातलं बरंचसं म्हणजे जुन्या रजिस्टरला घातलेलं नवं कव्हर आहे. हे मी एजाईलचा शत्रू म्हणून म्हणत नाहीये. त्यातला मूळ विचार मला पटतो, म्हणूनच तर चिडून लिहितोय. नावडत्या गोष्टीचं वाटोळं झालं म्हणून कोण आपला शनिवार खर्च करेल?

तुमच्या ऑफिसात काय काय आहे बघा. सकाळी दहाला स्टँडअप असतो (बहुतेक जण बसूनच, कॅमेरा बंद करून!). दोन आठवड्यांचा स्प्रिंट असतो. स्टोरी पॉइंट असतात, बर्नडाऊन चार्ट असतो, कोर्स करून आलेला स्क्रम मास्टर असतो. रेट्रोस्पेक्टिव्ह असतो, त्यात पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या चिकटवल्या जातात. आणि पुढच्या रेट्रोत पुन्हा त्याच चिठ्ठ्या चिकटवल्या जातात.

सगळं आहे ना? मग शुक्रवारी रात्री अकरा वाजता रिलीज का लटकतो? आणि शनिवारी 'जरा दोन तास लॉगिन करशील का?' असा फोन का येतो?

माझं उत्तर असं आहे: आपण ह्या पद्धतीतल्या मोजायच्या गोष्टी उचलल्या आणि द्यायच्या गोष्टी तिथेच ठेवल्या. द्यायच्या गोष्टी दोनच होत्या. एक, काम करणाऱ्याला काम थांबवायचा अधिकार. दोन, सुधारणेतून जो वेळ वाचेल तो त्याच माणसाच्या मुळावर येणार नाही ही हमी. ह्या दोन द्यायच्या नसतील तर बोर्ड, चिठ्ठ्या आणि पॉइंट ही नुसती आरास आहे.

हे मी मनानं सांगत नाहीये. इतिहास बघा.

टोयोटा ही कंपनी मोटारींच्या आधी मागांची. साकिची तोयोदा ह्यांनी १९२४ मध्ये एक स्वयंचलित माग पूर्ण केला. त्याची मजा अशी की उभा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. आमच्याकडची माणसं सोलापूरला यंत्रमागावर कामाला जायची, त्यामुळे ह्याचं महत्त्व मला समजावून सांगायला लागलं नाही. न थांबणारा माग तुटक्या धाग्यासकट कापड विणतच राहतो, आणि मग खराब कापडाचे वार मोजत बसायचे. थांबणारा माग असेल तर एक माणूस अनेक माग सांभाळतो, कारण त्याला फक्त बिघडलेल्या मागाकडे धावायचं असतं. १९२९ मध्ये ह्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं विकत घेतले.

हाच विचार पुढे मोटारीच्या कारखान्यात आला. तिथे लाईनवरच्या कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते, तिला अँडॉनची दोरी म्हणतात. काही चुकलंय असं वाटलं की कामगार ती ओढतो. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या अंतरापर्यंत गाडी सरकेस्तोवर अडचण सुटली नाही तर लाईन थांबते. लाखमोलाची लाईन. आणि ती थांबवणारा माणूस साहेब नसतो, बोल्ट आवळणारा असतो.

आता आपल्याकडे या. एका प्रोजेक्टवर (कंपनीचं नाव सोडा, तुमचीही असू शकते) आमची टेस्टर रोज स्टँडअपला सांगायची, "टेस्ट सर्व्हर बंद आहे." रोज उत्तर मिळायचं, "ओके, नोटेड, ऑफलाईन घेऊ." दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये हे नऊ दिवस चाललं. ह्या नऊ दिवसांत डेव्हलपर मंडळी इमानेइतबारे कोड लिहून कार्डं पुढच्या रकान्यात सरकवत होती, त्यामुळे चार्ट कसा सुबक उतरत होता! दहाव्या दिवशी सर्व्हर आला आणि नऊ दिवसांचे बग एकदम बाहेर पडले. पुढचे दोन शनिवार-रविवार कुणाचे गेले हे सांगायला नकोच.

स्टँडअपमध्ये 'अडथळा काय आहे' हा प्रश्न कशासाठी असतो? अडथळा सांगितल्यावर कुणीतरी उठून तो काढावा म्हणून. आपल्याकडे तो प्रश्न विचारून झाला की काम झालं. टोयोटात ती मुलगी पहिल्याच सकाळी दोरी ओढते आणि धावपळ मॅनेजरची होते. आपल्याकडे धावपळ तिचीच होते, दोन आठवड्यांनी.

दोरी नसली की दुसरी एक गोष्ट होते: अर्धवट कामाचा ढीग साठतो. हा ढीग किती महागात पडतो ते मला कुठल्या पुस्तकाच्या आधी गावात कळलं.

मी मूळचा सोनारीचा. तालुका परांडा, जिल्हा धाराशिव (२०२३ पर्यंत सरकारी कागदावर उस्मानाबाद). काळभैरवनाथामुळे आणि चैत्रातल्या यात्रेमुळे गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गावात साखर कारखाना आहे, त्यामुळे हंगामात घराघरात विषय एकच, ऊस.

ऊस रानात उभा आहे तोवर ठीक असतं. एकदा कोयता लागला की घड्याळ सुरू झालं. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरही कमी होत जाते. शेतकऱ्याला पैसे वजनावर, कारखान्याचं गणित उताऱ्यावर. म्हणजे तोडून पडलेल्या उसात दोघांचंही नुकसान. म्हणून शेतकी खातं तोडणीचा कार्यक्रम लावतं: लागणीची तारीख बघून, आणि मुख्य म्हणजे कारखाना रोज किती गाळू शकतो ते बघून. जितकं गाळप तितकी तोड. व्यवहारात वशिले आणि रांगा कुठे नसतात, पण निदान तत्त्व सगळ्यांना मान्य असतं. 'शिवारातला सगळा ऊस आजच तोडून टाकू, म्हणजे काम पुढे गेल्यासारखं दिसेल' असं कुणी म्हणालं, तर पारावरचे म्हातारे त्याला वेड्यात काढतील.

आपण नेमकं हेच करतो! माणसं आठ आणि 'इन प्रोग्रेस'च्या रकान्यात तीस कार्डं. प्रत्येकाला तीन-चार कामं दिलेली, कारण रिकामा माणूस मॅनेजरला बघवत नाही. लिहिलेला पण लोकांपर्यंत न पोचलेला कोड हा यार्डात पडलेला ऊस आहे. तोही वाळतो. दरम्यान गिऱ्हाईकाचं मत बदलतं, दुसऱ्याचा कोड येऊन धडकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लिहिणाऱ्याला आपण काय विचार करून लिहिलं तेच आठवत नाही.

ह्याचा हिशेबही सोपा आहे. जॉन लिटल ह्यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: हातात असलेली सरासरी कामं भागिले ठरावीक काळात पूर्ण होणारी कामं, बरोबर एका कामाला लागणारा सरासरी वेळ. टीम आठवड्याला पाच कार्डं पूर्ण करते आणि तीस उघडी आहेत, तर एक कार्ड पार व्हायला सरासरी सहा आठवडे. तोच वेग ठेवून उघडी कार्डं पंधरावर आणा, तीन आठवडे. कुणी जास्त वेळ थांबलं नाही, कुणी शनिवारी आलं नाही. फक्त कुणीतरी 'आत्ता नवीन काम घेणार नाही' असं म्हणालं. मेख तिथेच आहे. असं म्हणायची तुमच्याकडे कुणाला परवानगी आहे?

आणि आता एआय आलंय. कोड पूर्वीपेक्षा भराभर लिहून होतो. छान! पण रिव्ह्यू करणारी माणसं तेवढीच, टेस्टिंग तेवढंच, गिऱ्हाईकाची मंजुरी पूर्वीइतक्याच सावकाश येणार. म्हणजे कोयते दुप्पट केले आणि गव्हाण तेवढीच ठेवली. यार्ड भरणार, दुसरं काय होणार?

उसाचं उदाहरण इथेच सोडलं तर मात्र ते अर्धं खोटं ठरेल. ऊसतोड मजुराला थांबायचा अधिकार नसतो. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर असते आणि आजारपणात पडलेला खाडासुद्धा अंगावर येतो. एसीत बसणाऱ्यानं त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नये, मी करत नाही. सांगायचं एवढंच की मालाचा प्रवाह नीट सांभाळला म्हणून ती व्यवस्था शहाणी ठरत नाही. टोयोटानं २००१ मध्ये आपली तत्त्वं 'द टोयोटा वे' ह्या नावानं लिहून काढली तेव्हा खांब दोन ठेवले: सतत सुधारणा आणि माणसांचा मान. योगायोग म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी एकत्र बसून एजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या बारा तत्त्वांतही हेच आहे: काम करणाऱ्यांवर विश्वास टाका, दीर्घकाळ झेपेल असा वेग ठेवा, आणि टीमनं अधूनमधून थांबून स्वतःच स्वतःची पद्धत बदलावी. आपण त्यातला स्प्रिंट हा शब्द तेवढा घेतला (जो जाहीरनाम्यात नाहीच!) आणि पळत सुटलो.

आता ह्यावर हमखास येणारे युक्तिवाद बघू.

पहिला: "हे सगळं जपान्यांना जमतं हो, आपल्या लोकांना नाही. आपल्याकडे शिस्तच नाही."

हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो १९८४ मध्येच मेलाय. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, वाईट माल ह्यांसाठी कुप्रसिद्ध. १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जीएम ह्यांनी मिळून तो 'नुमी' ह्या नावानं पुन्हा सुरू केला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. थोड्याच काळात तिथली गुणवत्ता जपानी कारखान्यांच्या तोडीला गेली. माणसं तीच होती, त्यांच्या हातात दोरी आली होती. 'लीन' हा शब्द १९८८ मध्ये ज्यानं रूढ केला तो जॉन क्राफसिक ह्याच नुमीत इंजिनीअर होता. आणि गंमत बघा: हीच पद्धत जीएमनं आपल्या व्हॅन नायसच्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला तेव्हा तो फसला. पद्धत माहीत होती, पण लाईन थांबलेली तिथल्या साहेबांना सहन होईना.

अमेरिका लांबची वाटत असेल तर महाराष्ट्रातच बघा. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये जपानचं डेमिंग पारितोषिक मिळालं. हे मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. ट्रॅक्टर बनत होते कांदिवलीला आणि नागपूरला, आपल्याच लोकांच्या हातून. सॉफ्टवेअरमध्ये विप्रोनं २००४ पासून लीनचे प्रयोग केले. आधी थोड्या प्रोजेक्टांवर, मग वाढवत. ब्रॅडली स्टाट्स, डेव्हिड अप्टन वगैरे अभ्यासकांनी ते तपासून २०११ मध्ये लिहिलं की लीन प्रोजेक्टांची कामगिरी बहुतेक निकषांवर इतरांपेक्षा चांगली होती. तेव्हा 'आपल्या लोकांना जमत नाही' हे पुन्हा कुणी म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, लोकांना जमत नाही की तुम्हाला देववत नाही?

दुसरा: "आम्ही तर लेव्हल पाच आहोत, आमच्याकडे प्रोसेस आहेच."

हो, आहेच. २००० च्या आसपास जगातल्या सीएमएम लेव्हल पाचवाल्या संस्थांमध्ये भारतीय कंपन्यांचा मोठा भरणा होता, आणि त्याचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. त्या शिस्तीमुळे परदेशी गिऱ्हाईकाचा विश्वास बसला. पण त्यातून एक सवयही लागली: सुधारणा म्हणजे ऑडिटरला दाखवायची गोष्ट. प्रोसेस ठरवणारा विभाग वेगळ्या मजल्यावर आणि ती पाळणारी माणसं वेगळ्या. एजाईल आलं तेव्हा त्याच विभागानं त्याचा टेम्प्लेट बनवला. आता 'एजाईल मॅच्युरिटी'चे गुण मिळतात, टीमांच्या व्हेलॉसिटीची तुलना होते आणि साहजिकच दोनच्या स्टोरीला लोक पाच पॉइंट लावायला लागतात. लोक लबाड नाहीत, तुम्ही जे मोजताय ते तुम्हाला देतायत.

तिसरा: "गिऱ्हाईक ऐकत नाही. तारीख त्याची, स्कोप त्याचा."

ह्यात तथ्य आहे, आणि इथेच खरं दुखणं आहे. पैशाचं. आपला बराच धंदा माणशी तासांवर चालतो. तिथे शंभर तासांचं काम सत्तर तासांत करायची युक्ती मी शोधली, तर कंपनीचं बिल तीस तासांनी कमी झालं. म्हणजे माझी सुधारणा कंपनीला तोट्याची! फिक्स्ड बिडमध्ये ते तीस तास कंपनीच्या खिशात जातात, आणि वर मला 'आता तू मोकळा आहेस तर' म्हणून दुसरं काम मिळतं. आणि टीममधला एक माणूस कमी लागतोय असं दिसलं, तर तो बेंचवर. बेंच लांबली की पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मग सांगा, सुधारणा कोण सुचवेल? आपलीच खुर्ची कापायला करवत कोण आणून देईल? रेट्रोत लोक गप्प का बसतात ह्याची वर्कशॉपं घेतात, बाहेरून कोच बोलावतात. अहो, ते शहाणे आहेत म्हणून गप्प बसतात!

टोयोटाला हे ठेच लागून कळलं. १९५० मध्ये कंपनी बुडायच्या बेताला आली, कामगारकपात झाली, मोठा संप झाला, आणि किईचिरो तोयोदा ह्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. १९६२ मध्ये व्यवस्थापन आणि युनियननं परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. नुमीच्या करारातही नोकरीच्या हमीचं कलम होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मागणी घटली तेव्हा कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवलं. एवढं केल्यावर मग लोक सुचवायला लागतात.

टोयोटाची आरती करायची नाहीये मला. तिच्याच एका कर्मचाऱ्याचा २००२ मधला मृत्यू अतिकामामुळे झाला असा निकाल नागोयाच्या न्यायालयानं २००७ मध्ये दिला. त्यातला कळीचा मुद्दा काय होता माहितीय? क्वालिटी सर्कलचं काम, जे 'ऐच्छिक' म्हणून ड्यूटीनंतर चालायचं. न्यायालयानं ते कामच धरलं. म्हणजे सुधारणासुद्धा माणसाच्या उरलेल्या वेळात ढकलली की ती जीव घेते. तुमच्या रेट्रोतले ॲक्शन आयटेम कुठल्या वेळात करायचे असतात? स्प्रिंटच्या प्लॅनमध्ये त्यांना एक तरी तास धरलाय का?

"पण मी तर साधा सिनियर डेव्हलपर, मी काय करणार?" असं तुम्ही म्हणाल. बिलिंगचं मॉडेल तुम्ही-आम्ही बदलू शकत नाही. ते वरच्यांचं काम आहे, आणि ते करत नाहीत तोवर त्यांनी एजाईल ट्रान्सफॉर्मेशनची पोस्टरं लावू नयेत इतकंच माझं म्हणणं आहे. पण आठ जणांच्या टीमला चार गोष्टी मागता येतात.

१. 'इन प्रोग्रेस'च्या रकान्याला आकडा लावा. सुरुवातीला माणसं तितकी कार्डं. नवीन काम आलं तर एक जुनं पूर्ण झाल्यावरच आत येईल. मॅनेजरला तसंच हवं असेल तर कुठलं कार्ड बाहेर काढायचं हे त्यानंच बोर्डासमोर उभं राहून सांगावं.

२. बिल्ड मोडला किंवा टेस्ट सर्व्हर पडला की सगळ्यांनी नवा कोड लिहिणं बंद करायचं. तो चालू होईपर्यंत तेच काम. हे जाहीर करायचा अधिकार सगळ्यात ज्युनियर माणसालाही हवा.

३. रेट्रोतून एकच बदल निवडा, आणि त्याला पुढच्या स्प्रिंटमध्ये रीतसर वेळ धरा. ज्या गोष्टी टीमच्या हातात नाहीत त्यांच्यासमोर मॅनेजरचं नाव आणि तारीख.

४. व्हेलॉसिटी टीमच्या बाहेर जाऊ देऊ नका. बाहेर द्यायचाच असेल तर एक आकडा द्या: गिऱ्हाईकानं मागितल्यापासून त्याच्या हातात पडेपर्यंत किती दिवस लागले.

ह्यातलं काहीही करायला सर्टिफिकेट लागत नाही, टूल लागत नाही. दुसरी गोष्ट जरी मिळाली, तरी बाकीच्या तीन हळूहळू येतील. आणि ती मिळालीच नाही, तर निदान आपण कुठे काम करतोय ते तरी स्वच्छ कळेल. तेही काही कमी नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'आम्ही एजाईल आहोत' म्हणालं तर बोर्डाचे फोटो बघत बसू नका. विचारा, गेल्या महिन्यात तुमच्याकडे काम कुणी थांबवलं होतं? आणि थांबवल्यावर त्याला शाबासकी मिळाली की मेल?

असो, बरंच लांबलं. तुमच्याकडे दोरी असेल तर सांगा, मला मनापासून बघायला आवडेल.